थांबलेलें यंत्र आणि दोष कोणाचा

सोलापूरचें नांव निघालें कीं चादरीचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं. १८७७ सालीं या शहरांत पहिली मोठी कापडगिरणी सुरू झाली व पुढें ती 'जुनी गिरणी' या नांवानें सर्वतोमुखीं झाली. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं येथें माग मांडले, गिरण्या वाढल्या, आणि कापड हाच शहराचा धर्म झाला. येथील चादरीला २००५ सालीं भौगोलिक निर्देशनाची अधिकृत मान्यताहि मिळाली. या चादरीवरील नक्षी ज्या योजनेनें उमटते तिला जकार्ड म्हणतात. फ्रान्समधील ल्यों शहरच्या जोझेफ मारी जकार्डनें १८०४ च्या सुमारास ती सिद्ध केली. भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची एक माळ मागावर फिरत असते. जेथें भोंक असेल तेथला उभा धागा उचलला जातो, जेथें नसेल तेथला खालीं राहतो, आणि धोटा त्यांमधून धांवत जातो. पत्ता म्हणजे मागाला दिलेली आज्ञाच होय. इंग्लंडांतील चार्ल्स बॅबेजनें आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यांत हीच युक्ति उसनी घेतली, आणि १८९० सालच्या अमेरिकेच्या खानेसुमारींत हर्मन हॉलेरिथनें भोंकांच्या पत्त्यांनींच माणसें मोजलीं. तेव्हां आजचा संगणक हा सोलापूरच्या मागाचा दूरचा कां होईना, पण आप्तच आहे.

परंतु माग आणि संगणक यांना जोडणारा दुसराहि एक दुवा आहे, व तो पत्त्यांपेक्षां अधिक महत्त्वाचा आहे. यंत्र बिघडलें, माल खराब झाला, तर दोष कोणाचा, या प्रश्नाचा तो दुवा होय. एके काळीं मुंबईच्या गिरण्यांतून बिघडलेलें कापड विणकराच्याच गळ्यांत मारण्याची व त्याची किंमत त्याच्या पगारांतून कापून घेण्याची चाल होती. सूत कच्चें होतें कीं माग जुना होता, याची विचारपूस क्वचितच होई. हात ज्याचा, अपराधहि त्याचाच, हा सरळ हिशेब. १९३६ सालच्या वेतन-प्रदान कायद्यानें या हिशेबाला प्रथम आळा घातला. कामगाराच्या हयगयीमुळेंच प्रत्यक्ष नुकसान झालें असेल तरच, आणि त्याचें म्हणणें ऐकून घेतल्यावरच कपात करावी, असें त्या कायद्यानें ठरविलें.

आतां सोलापुरांतील एखाद्या कचेरीचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. एक कारकून सकाळपासून संगणकावर नोंदी करीत आहे. तो एक साधी आज्ञा देतो: एखादी फाइल उघड, एखादा पत्ता शोध. एका क्षणांत पडद्यावरील सारीं अक्षरें नाहींशीं होतात, पडदा एकरंगी होतो, कांहीं अगम्य आंकडे उमटतात व यंत्र जागच्या जागीं थांबतें. सकाळचें काम गेलेलें असतें. शेजारचे लोक माना वळवून विचारतात, "काय दाबलेंत हो तुम्ही?" आणि तो गृहस्थ ओशाळून म्हणतो, "नेहमींचेंच तर केलें." या नेहमींच्याच आज्ञेनें सारें यंत्र कां कोसळावें? आणि त्याचा दोष त्या माणसाकडे जातो काय? संगणकाच्या इतिहासाला या प्रश्नाचें उत्तर सांपडण्यास बरींच वर्षें लागलीं, आणि तें उत्तर जाणून घेण्यासारखें आहे.

प्रथम यंत्राच्या आंत कोण राज्य करतो तें पाहिलें पाहिजे. संगणकावर एकाच वेळीं अनेक प्रोग्राम चालत असतात. कोणाला स्मृतींतील किती जागा द्यावयाची, कोणी किती वेळ चालावयाचें, तबकडीवर कोणी काय लिहावयाचें, याचा निवाडा करणारा जो मूळ प्रोग्राम, त्याला कर्नेल म्हणजे गाभा म्हणतात. कार्यप्रणालीचें हें अंतःकरण होय. इतर प्रोग्राम प्रजेप्रमाणें असतात. त्यांना जें हवें तें त्यांनीं गाभ्याकडे मागावयाचें. प्रजेपैकीं एखादा प्रोग्राम मेला तर गाभा त्याची उत्तरक्रिया करून पुढें जातो. परंतु गाभाच चुकला तर त्याच्यावर दुसरा कोणी नाहीं. सारें राज्यच थांबतें.

अगदीं आरंभींच्या यंत्रांना असा राजा नव्हता, कारण प्रजाच नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं पूर्ण झालेला आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं 'टिफ्रॅक' असें नांव दिलेला संगणक याच जातीचा होता. एका वेळीं एका शास्त्रज्ञाचें गणित त्यावर चाले. गणित अडलें, यंत्र थांबलें, तर नुकसान त्या एकाचेंच. ज्याची चूक त्यालाच फळ, इतका तो व्यवहार सरळ होता.

हा सरळपणा वेळेच्या वांटणीनें संपविला. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो यांनीं नोव्हेंबर १९६१ मध्यें एक प्रयोग करून दाखविला. एकच यंत्र क्षणाक्षणानें अनेकांची सेवा करी, आणि प्रत्येकाला यंत्र आपलेंच आहे असें वाटे. त्याच सुमारास इंग्लंडांत मँचेस्टर येथें 'ॲटलस' या यंत्रावर देखरेख करणारा 'सुपरवायझर' नांवाचा कायमचा प्रोग्राम तयार होत होता. पण अनेक बिऱ्हाडें एका वाड्यांत आलीं कीं भिंती लागतात. एकाच्या चुकीनें दुसऱ्याचें काम पुसलें जाऊं नये, आणि कोणाच्याहि चुकीनें गाभ्याला धक्का लागूं नये, म्हणून यंत्राच्या रचनेंतच दोन अवस्था कल्पिण्यांत आल्या: एक सामान्य प्रोग्रामची, जींत कांहीं मोजक्याच गोष्टी करतां येतात, दुसरी गाभ्याची, जींत सर्व अधिकार असतात. या दोहोंमध्यें एक भिंत, आणि त्या भिंतींत ठराविक दरवाजे. प्रत्येक साधी आज्ञा शेवटीं अशा एखाद्या दरवाजाशीं जाऊन आपली मागणी सांगते. दरवाजावरील पहारेकऱ्यानें ती मागणी तपासावी, योग्य असेल तर पुरवावी, अयोग्य असेल तर नकार द्यावा. येथें करार असा कीं, प्रजेनें कितीहि वेडीवांकडी मागणी केली तरी तिला मिळणारी जास्तीतजास्त शिक्षा म्हणजे नकार. राज्य कोसळणें ही शिक्षा या करारांत नाहीं.

करार कागदावर झाला, तरी भिंती सर्वत्र उभ्या राहिल्या नव्हत्या. १९६९ सालीं अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं 'युनिक्स' ही कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला. तिचें पहिलें घर पी. डी. पी.-७ हें लहानसें यंत्र. पुढें ती पी. डी. पी.-११ या यंत्रावर आली. त्याच्या आरंभींच्या नमुन्यांत स्मृतीचें रक्षण करणारी भिंतच नव्हती. कोणी नवा प्रोग्राम चालवून पाहणार असेल तर तो आधीं मोठ्यानें सूचना देई, आणि बाकीचे आपापलें काम घाईनें जपून ठेवीत. भिंतीच्या जागीं शेजारधर्म उभा होता! पुढच्या नमुन्यांत रक्षणाची सोय आली तेव्हांच ही हांक बंद झाली.

त्याच काळांतील एक आख्यायिका संगणकशास्त्रांत आजहि सांगितली जाते. 'मल्टिक्स' नांवाची एक भव्य कार्यप्रणाली तेव्हां बांधली जात होती. तिच्यावर काम करणाऱ्या टॉम व्हॅन व्लेक यांनीं रिचींना सांगितलें कीं, आपल्या लिखाणाचा जवळजवळ अर्धा भाग चुका झाल्यावर सांवरण्यासाठींच खर्ची पडतो. रिचींनीं उत्तर दिलें कीं, आम्हीं तें सारें गाळून टाकलें आहे. चूक झाली कीं आमचा 'पॅनिक' नांवाचा भाग यंत्र थांबवितो, आणि मग ओसरींतून हांक मारून कोणाला तरी तें पुन्हां सुरू करावयास सांगावयाचें. पॅनिक म्हणजे भीतीनें गांगरणें. गाभ्याच्या कोसळण्याला आजहि हेंच नांव आहे.

कोणी विचारील कीं, गांगरून थांबण्यांत शहाणपण तें कोणतें? येथें पुन्हां मागाकडे वळावें लागतें. सुधारलेल्या मागावर प्रत्येक उभ्या धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी लटकत असते. धागा ताठ असेपर्यंत ती वर राहते. धागा तुटला कीं ती खालीं पडते आणि त्याबरोबर माग थांबतो. ही पट्टी नसती तर माग चालतच राहिला असता, आणि हातभर नव्हे तर वारभर कापड सदोष विणलें गेल्यावर कोणाचें लक्ष गेलें असतें. गाभ्याचें पॅनिक हें त्या पट्टीचें पडणें होय. आपल्या हिशेबांत विसंगति आहे असें गाभ्याला कळलें, तर पुढें चालून तबकडीवरील लोकांचीं कागदपत्रें चुकीच्या आंकड्यांनीं भरण्यापेक्षां जागीं थांबणें बरें. म्हणून थांबणें हा दोष नव्हे. दोष आहे तो धागा तुटण्यांत. आणि नेहमींच्या हातानें, नेहमींच्या वेगानें चालविलेल्या मागावर धागा तुटला तर सूत तपासावें लागतें.

गेल्या तीस वर्षांच्या इतिहासांत असें सूत तपासण्याचे अनेक प्रसंग आले. संगणकांच्या जाळ्यांतील दुसरें यंत्र जागें आहे कीं नाहीं हें विचारणारी 'पिंग' ही आज्ञा माइक म्यूस यांनीं १९८३ च्या डिसेंबरांत लिहिली. तिच्याइतकी निरुपद्रवी आज्ञा दुसरी नसेल. ती केवळ दार ठोठावते. पण १९९६ च्या सुमारास असें आढळलें कीं, याच आज्ञेंत पाठवावयाच्या मजकुराचा आकार नियमाहून मोठा सांगितला, तर दूरचें यंत्र कोसळतें. जाळ्याच्या नियमाप्रमाणें एका पुडक्यांत ६५,५३५ बाइटांहून अधिक मजकूर मावत नाहीं. मोठें पुडकें तुकडे करून पाठवितात, व पोंचल्यावर गाभा ते जोडतो. जोडलेलें पुडकें मर्यादेबाहेर गेलें तर काय, हा विचार अनेक कार्यप्रणालींच्या रचनाकारांनीं केलाच नव्हता. जागा संपली तरी लिहिणें चालूच राहिलें, आणि गाभ्याचीच स्मृति पुसली गेली.

१९९७ च्या नोव्हेंबरांत याहून विलक्षण प्रकार उजेडांत आला. इंटेलच्या पेंटियम या गणनचकतींतच एक चूक होती. विशेष अधिकार नसलेल्या कोणत्याहि प्रोग्राममध्यें चार बाइटांची एक विशिष्ट निरर्थक सूचना घातली कीं सबंध यंत्र गोठून जाई. येथें गाभा निर्दोष होता; ज्या जमिनीवर भिंत उभी होती ती जमीनच खचली होती. तरीहि उपाय गाभ्याच्याच रचनाकारांनीं शोधला. ती सूचना आली कीं तिचा मार्ग दुसरीकडे वळावा, अशी युक्ति त्यांनीं योजिली.

पुढचा प्रसंग जुन्या वारशाचा आहे. डॉस या प्रणालींत कळफलक व पडदा यांना मिळून 'कॉन' हें नांव राखून ठेवलेलें होतें, आणि तें त्याहून जुन्या प्रणालीकडून आलेलें होतें. विंडोज ९५ व ९८ यांनीं तो वारसा सांभाळला. परंतु एखाद्या फाइलच्या मार्गांत असें राखीव नांव दोनदां लागोपाठ लिहिलें, तर यंत्र कोसळत असे. मार्च २००० मध्यें मायक्रोसॉफ्टनें त्यावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. कोणाला वाटेल, तो काळच कच्चा होता. पण २०२१ च्या जानेवारींत विंडोज १० मध्यें तसेंच घडलें. एक विशिष्ट मार्ग ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटींत नुसता लिहिला, तरी यंत्र निळ्या पडद्यानें थांबे. आणि लिहिणाऱ्यापाशीं कोणताहि खास अधिकार असण्याची गरज नव्हती. त्या दरवाजावरील पहारेकऱ्याला मागणीबरोबर एक जोडपत्र येईल अशी अपेक्षा होती. जोडपत्र आलें नाहीं तर काय करावयाचें, हें त्याला कोणी शिकविलेंच नव्हतें. पुढच्याच महिन्यांत ती उणीव भरून काढण्यांत आली.

या चारहि प्रसंगांत आज्ञा देणारा माणूस भिंतीच्या बाहेरच उभा होता. त्यानें कुलूप फोडलें नव्हतें, कोणाची किल्ली चोरली नव्हती. कधीं खोडसाळपणें, कधीं अजाणतां, त्यानें फक्त एक मागणी केली होती, आणि मागणी तपासणें हें आंतल्यांचें काम होतें. खोडसाळ माणसाला दुष्ट म्हणतां येईल; पण त्याच्या दुष्टपणानें राज्य कोसळलें असेल तर तें राज्याच्या दुबळेपणामुळेंच.

हा विचार शास्त्राच्या रूपानें प्रथम मांडला तो बार्टन मिलर यांनीं. अमेरिकेंतील मॅडिसन येथें १९८८ च्या एका वादळी रात्रीं ते घरून टेलिफोनच्या तारेनें विद्यापीठाच्या यंत्रावर काम करीत होते. वादळामुळें तारेंत खरखर होई, आणि त्यांच्या आज्ञांत भलभलतीं अक्षरें घुसत. त्या अक्षरांनीं नेहमींच्या वापरांतील चांगले चांगले प्रोग्राम बंद पडूं लागले. दुसरा कोणी तारेला दोष देऊन झोपीं गेला असता. मिलर यांनीं उलट प्रश्न केला कीं, थोड्याशा खरखरीनें हे प्रोग्राम मरतात तरी कां? विद्यार्थ्यांकडून त्यांनीं मुद्दाम यदृच्छेनें निवडलेल्या अक्षरांचा मारा करविला, आणि १९९० सालीं प्रसिद्ध केलें कीं तपासलेल्या युनिक्सच्या प्रत्येक आवृत्तींतील पाव ते एकतृतीयांश प्रोग्राम अशा माऱ्यानें कोसळतात किंवा लटकतात. हे प्रोग्राम प्रजेपैकीं होते. पण पुढें हीच पद्धति गाभ्यालाहि लावण्यांत आली. लिनक्सच्या गाभ्यावर आज यंत्रेंच अहोरात्र वेड्यावांकड्या मागण्यांचा वर्षाव करतात, आणि कोठें धागा तुटतो याची नोंद रचनाकारांकडे पाठवितात. चुकणारा माणूस येथें आरोपी राहिलेला नाहीं. त्याच्या चुकीची नक्कल हेंच परीक्षेचें साधन झालें आहे.

भिंतीच्या आंत कोणाला घ्यावें, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाहीं. १९ जुलै २०२४ या दिवशीं जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. येथें कोणीं कसली आज्ञाहि दिली नव्हती. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा राखणदार प्रोग्राम गाभ्याच्या अधिकारानें आंत बसलेला होता. त्याला पाठविलेल्या नव्या सूचनापत्रांत २१ रकान्यांची अपेक्षा होती, आणि त्याच्या हातीं २० च मूल्यें होतीं. एकविसावें शोधण्यासाठीं त्यानें आपल्या हद्दीबाहेर हात घातला, आणि राज्य कोसळलें. राखणदारच आंत असल्यामुळें त्याला नकार देणारा कोणी नव्हता. बहुतेक यंत्रें माणसांना एकेक करून हातांनीं सुरू करावीं लागलीं. भारतांतील विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें देण्यांत आलीं. अधिकार जितका मोठा, तितकी तपासणी कडक असावी, हा व्यवहाराचा जुना नियम तेथें ढिला पडला होता.

निराश व्हावें असें मात्र यांत कांहीं नाहीं. २००९ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं 'एस. ई. एल.-४' नांवाचा सुमारें ८,७०० ओळींचा एक लहान गाभा घेऊन, तो आपल्या ठरविलेल्या वर्तनापासून ढळत नाहीं, हें गणिताच्या सिद्धांताप्रमाणें सिद्ध करून दाखविलें. रोजच्या वापरांतील गाभ्यांच्या ओळी कोटींच्या घरांत जातात. त्यांच्याविषयीं अशी सिद्धि अद्याप दूर आहे. तरी भिंत खरोखर बांधतां येते, एवढें त्यावरून निश्चित झालें. २०२२ च्या डिसेंबरांत लिनक्सच्या गाभ्यानें 'रस्ट' या भाषेंतील लिखाणास प्रथमच प्रवेश दिला. हद्दीबाहेर हात घालणारें लिखाण बव्हंशीं आधींच अडविणारी ती भाषा आहे.

आतां सोलापूरच्या त्या कारकुनाकडे परत यावें. त्याच्या पडद्यावर जे अगम्य आंकडे उमटले, ते त्याच्यावरील आरोपपत्र नव्हे. गाभ्यानें स्वतःविषयीं दिलेली ती जबानी आहे: कोणत्या ठिकाणीं, काय करीत असतांना आपण अडलों, याची. मालकानें ती जपून ठेवावी आणि ज्यांनीं यंत्र रचलें त्यांच्याकडे पाठवावी. "काय दाबलेंत?" हा प्रश्न विचारावयास हरकत नाहीं, परंतु तो धागा कोठें तुटला हें शोधण्यासाठीं विचारावा, नुकसानीचें कापड त्या माणसाच्या गळ्यांत बांधण्यासाठीं नव्हे. कारण हा प्रश्न दटावून विचारला तर पुढच्या खेपेस माणूस खरें सांगत नाहीं. कळ दाबल्याचें लपवितो, यंत्र गुपचूप पुन्हां सुरू करतो, आणि तुटका धागा तसाच राहतो. गिरणींतल्या विणकराला तें न्यायाचें वचन कायद्यानें १९३६ सालीं दिलें. यंत्रापुढें बसणाऱ्या आजच्या माणसासाठीं निराळ्या कायद्याची गरज नाहीं. त्याच्या शेजारच्यांनीं व वरिष्ठांनीं तेवढी विचारपूस केली तरी पुरे. त्यानें नेहमींचेंच केलें होतें, आणि नेहमींच्या कामाला टिकेल असें यंत्र मिळणें हा त्याचा हक्क आहे.